जानेवारीत चालू असलेला पंखा

फरीदाने राजीनामा लिहून ठेवला होता. सोमवारी देणार होती. हे सांगताना ती रडली नाही. उलट इतकी भरभर बोलत होती की शब्दावर शब्द चढत होते.

"मॅडम, टीममधली मुलं घाबरतात मला. काल एकीवर इतकी ओरडले की सगळा फ्लोअर गप्प झाला. घरी इम्तियाझ म्हणतो, तू आता पहिल्यासारखी राहिली नाहीस. मी वेडी होतेय का? सरळ सांगा."

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. म्हणजे रीतसर शिकलेली, नोंदणी असलेली. बोलून उपचार करणारी. गोळ्या मी लिहून देत नाही. तेव्हा ऑनलाइन थेरपी नवीन होती. गुडगावच्या एका थेरपी कंपनीसाठी मी नोएडाच्या माझ्या फ्लॅटमधून व्हिडिओवर सेशन घ्यायचे.

फरीदा, अर्थात हे तिचं खरं नाव नाही, गुडगावलाच एका बॅक ऑफिसमध्ये टीम लीडर होती. वडील रत्नागिरीचे, केंद्र सरकारच्या नोकरीत. त्यामुळे ती दिल्लीतच वाढलेली. तिने मुद्दाम मराठी काउन्सेलर मागितली होती. "भांडण मला हिंदीत जमतं, रडायला नाही जमत," असं पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

लक्षणं पुस्तकातल्यासारखी होती. झोप नाही, चिडचिड, छातीत धडधड. धडधड हा शब्द तिला आठवेना, तेव्हा तिने छातीवर मूठ आपटून दाखवली. मी एंग्झायटी धरून चालले होते. श्वासाचे व्यायाम दिले, विचारांची नोंद ठेवायला सांगितली. तिने सगळं मनापासून केलं. फरक शून्य. उलट प्रकरण राजीनाम्यापर्यंत आलं.

तेवढ्यात मागून तिचा नवरा इम्तियाझ चहा ठेवायला आला. स्वेटर, त्यावर शाल, कानटोपी. मीही इकडे हीटर लावून बसले होते. आणि फरीदा? अर्ध्या बाह्यांचा कुर्ता. तिच्या कपाळावरचे केस हलत होते.

"फरीदा, पंखा चालू आहे का?"

"हो ना. याच्यावरून रोज भांडण. मला गरमच होतं यार."

"भूक कशी आहे?"

"खूप. पण बघा, बांगड्या ढिल्या झाल्यात. टेन्शनने वजन जातं ना?"

टेन्शनने वजन जातं. पण जानेवारीत पंखा? मी तिला हात पुढे करून बोटं पसरायला सांगितली, त्यावर एक कोरा कागद ठेवायला लावला. कागदाची कड थरथरत राहिली. व्हिडिओवर आमचं लक्ष चेहऱ्यावरच असतं. हे हात मी आधी असे नीट पाहिलेच नव्हते.

"राजीनामा थांबवा. उद्या फिजिशियनकडे जा. थायरॉइडची टेस्ट करून घ्या. तो वाढला तरी असंच गरम होतं, धडधडतं, वजन जातं."

तिचा चेहरा पडला. "म्हणजे तुम्हीपण मला टाळताय?"

"नाही. रिपोर्ट काहीही येवो, पुढच्या आठवड्यात याच वेळी मी इथेच आहे."

कॉल संपल्यावर मी नियमाप्रमाणे रेफरल, म्हणजे तिला डॉक्टरकडे पाठवल्याचं, नोंदवलं. दुसऱ्या दिवशी आमच्या कंपनीच्या ऑपरेशन्स मॅनेजरचा फोन.

"मॅडम, क्लायंट को बाहर क्यों भेज रहे हो? वापस नहीं आएगी."

"ठीक होकर न आए तो चलेगा," मी म्हटलं.

"और रिपोर्ट नॉर्मल आई तो?"

"तो माफी माँगूँगी और काम आगे बढ़ेगा."

बोलले खरी, पण तो आठवडा मला जड गेला. रिपोर्ट नॉर्मल आला असता तर तिचा विश्वास उडाला असता, आणि तिच्याकडे तेवढाच उरला होता.

ठरल्या वेळी स्क्रीन उघडली. दोघं शेजारी बसली होती. इम्तियाझच आधी बोलला, "मॅडम, थायरॉइड बहुत बढ़ा हुआ है. डॉक्टर बोले, दवाई से ठीक होगा."

फरीदा मात्र रडत होती. "मी वेडी नाहीये," ती म्हणाली. मग हसली. मग परत रडली.

गोळ्यांनी एका दिवसात जादू झाली नाही. काही आठवडे गेले. मग झोप आली, आवाज खाली आला. तिने त्या मुलीची ऑफिसात सगळ्यांसमोर माफी मागितली. सेशनही सुरू राहिले, कारण नवराबायकोत तोवर जे बोललं गेलं होतं ते गोळीने पुसलं जाणारं नव्हतं. पण आता आम्ही खऱ्या प्रश्नावर काम करत होतो. ती नोकरीत टिकली.

तेव्हापासून प्रत्येक नव्या क्लायंटला मी आधी विचारते, शेवटची रक्ततपासणी कधी केली होती? मध्यंतरी एका गृहस्थांनी संशयाने विचारलं, "मॅडम, लॅबवाल्यांशी सेटिंग आहे का तुमची?"

"आहे समजा," मी म्हटलं, "पण टेस्ट करून या."