भाच्याला पाडायचं कसं

जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि आमच्याकडचे कबड्डीचे चांगले गडी गोंदियाकडे गेले. उरलेल्यांतून भंडाऱ्याच्या एका कापड व्यापाऱ्याने संघ काढला. रोजी देऊन खेळवणारा संघ आम्ही तोवर ऐकला नव्हता. कप्तान मी.

पहिला हंगाम म्हणजे नुसती धुलाई. धान निघालं की गावोगावी सामने भरायचे आणि आम्ही गावोगावी जाऊन हरायचो. सात गडी, सात गावांचे, कोणाचा कोणाला मेळ नाही. दिघोरीला तर पोरं म्हणाली, "भंडाऱ्याचे पाहुणे आले, जेवू घाला अन् पाठवा." मला असा राग यायचा की परतताना मी कोणाशी बोलत नसे. सकाळी मात्र सगळ्यांना वैनगंगेच्या वाळूत पळवायचो. कोणी कुरकुरलं तर म्हणायचो, "हरून राहिलो ना आपण? मंग पळा."

शेवटी व्यापाऱ्याने सांगून टाकलं, कारध्याचा सामना जिंका, नाहीतर संघ बंद. माझ्या बापाचं त्याहून साफ होतं. आमचं घर विणकरांचं. संघ बुडाला की मी मागावर बसायचं, विषय संपला. मला मागाची लाज नव्हती, पण हरून त्यावर बसायचं नव्हतं.

कारधा नदीपलीकडे. त्यांच्याकडून चढाई करणारा पोरगा भलता चपळ. तरी पहिल्याच चढाईत त्याचा घोटा आमच्या डाव्या कोपऱ्यावरच्या गड्याच्या हातात आला. हा आसगावचा धानकरी, याच्या हातून बैल सुटायचा नाही. आणि याने घोटा सोडून दिला. पुढच्या चढाईत पुन्हा तेच.

मध्यंतरात मी त्याच्यावर धावून गेलो. "सोडलं काहून बे?"

"भाचा आहे माया. मोठ्या बहिणीचा पोरगा."

"मंग?"

"मंग काय? भाच्याले मातीत पाडाव का? तू पाडशील?"

आमच्याकडे भाचा मामाच्या पाया पडत नाही, मामाच भाच्याच्या पाया पडतो, मग तो पाळण्यात का असेना. मीही पडत आलो होतो. त्याला शिव्या कोणत्या तोंडाने देणार? पण आम्ही मागे पडलो होतो आणि बदली गडी गुडघा धरून बसला होता.

"तुया भाचा देव आहे, कबूल," मी म्हणालो. "पण आज संघ बुडाला तं मले जिंदगीभर हेच आठवन."

तो उठला, मधली रेषा ओलांडून सरळ भाच्यापाशी गेला आणि अख्ख्या गावादेखत वाकून त्याच्या पाया पडला. लोक हसले. भाचा लाजून मागे सरकला.

"माफ करजो बाप्पा," मामा म्हणाला. "आता धरतो."

आणि धरला. पोरगा आला की घोटा याच्या मुठीत, आणि पोरगा मातीत. दर वेळी तोच त्याला उठवायचा, पाठीवरची माती झाडायचा, आणि पोरगा जिवंत होऊन परत चढाईला आला की पुन्हा पाडायचा. आम्ही एका गुणाने जिंकलो. मी रडलो, लपवत नाही. संघ वाचला होता.

मामा मात्र हसेना. त्याची बहीण कारध्यालाच दिलेली, ती गर्दीतून आमच्याकडेच येत होती. लेकाचा घोटा सुजला होता. तिने तो दाबून पाहिला, मग भावाकडे वळली. हा मान खाली घालून उभा. मला वाटलं, आता याचं काही खरं नाही.

"पहिल्याच खेपेले काहून नाही धरलं रे?" ती हळूच म्हणाली. "सासरच्या बायांत बसून मी पोटातल्या पोटात तुयंच नाव घेऊन राहिली होती."