टेकडीवरून न दिसणारा समुद्र

सहार विमानतळाच्या काचेपलीकडे बाबा उभे होते आणि हवेत बोट फिरवून लिहिल्याची खूण करत होते. मला वाटलं, पत्र लिही म्हणतायत. टोकियोहून पहिला फोन केला तेव्हा कळलं, त्यांना म्हणायचं होतं, प्रबंध पूर्ण कर.

समीरला, माझ्या नवऱ्याला, टोकियोतल्या तोयोसुमधल्या एका ऑफिसात तीन वर्षांचं काँट्रॅक्ट मिळालं होतं. दोन हजारनंतरचे ते दिवस. पुण्यातल्या आमच्या सोसायटीतून दर दोन-चार महिन्यांनी कोणी ना कोणी जपानला निघत होतं. त्यात मी स्पॅनिशची एम.ए. "जपानमध्ये स्पॅनिशचं काय लोणचं घालणार?" असं सगळे हसून विचारायचे. त्यांना माहीत नव्हतं की माझ्या प्रबंधातलं गाव अर्धं जपानीच होतं.

कोरिआ देल रिओ, म्हणजे नदीवरचं कोरिआ. स्पेनच्या दक्षिणेला, सेव्हिलजवळ, ग्वादालकिविर नदीच्या काठी. चारशे वर्षांपूर्वी जपानमधल्या सेन्दाईहून एक सामुराई शिष्टमंडळ घेऊन स्पेनच्या राजाकडे निघाला आणि या गावात थांबला. तोवर मागे जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. बाप्तिस्मा घेतलेले काहीजण परत गेलेच नाहीत. पाद्र्याला त्यांची नावं लिहिता येईनात, म्हणून त्याने आडनावाच्या जागी देशाचं नाव लिहिलं असं सांगतात. आजही तिथल्या कितीतरी लोकांचं आडनाव 'हापोन' आहे. हापोन म्हणजे जपान.

निघताना मी प्रबंधाची सगळी प्रकरणं माझ्या गाइड मॅडमकडे दिली होती. त्यांनी वरवर चाळून म्हटलं होतं, "अजून फार कच्चं आहे गं. राहू दे माझ्याकडे." मी वाकून नमस्कार केला होता. तो नमस्कार आठवला की अजून अंग जळतं.

दीड वर्षाने बाबांचं पार्सल हिगाशी-कसाईच्या आमच्या फ्लॅटवर आलं. भाजणी, मेतकूट आणि एक पुस्तक. सोबत चिठ्ठी: "तुझ्या मॅडमचं पुस्तक आलं. तुझंच गाव आहे. अभिमान वाटला." मी ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचायला घेतलं. पहिलं वाक्य माझं होतं. दुसरंही. बाविसाव्या पानावर तर, "टेकडीवरून समुद्र दिसतो. मायदेशी न गेलेली ती माणसं इथेच बसून समुद्राकडे बघत असतील." हेही माझंच. फक्त त्यापुढे मॅडमनी भर घातली होती: "मी स्वतः तिथे उभी राहिले तेव्हा..."

माझं नाव आभारातही नव्हतं.

बाबांना मी काहीच सांगितलं नाही. "मोठ्यांपुढे बोलू नये," हे आमच्या घरातलं पहिलं वाक्य. मी इचिकावातल्या एका छोट्या कंपनीत स्पॅनिश पत्रव्यवहार बघायला लागले, जोशी-सान झाले, समीरचं काँट्रॅक्ट वाढत गेलं, मुलगी इरा झाली, कचऱ्याचे वार पाठ झाले. पण दर आठवड्याला ते पुस्तक काढून मी एक पान वाचायची. राग शिळा होऊ नये म्हणून.

मग कंपनीने कामासाठी सेव्हिलला पाठवलं. एक दिवस काढून कोरिआला गेले. चुन्याने रंगवलेली घरं, संत्र्याची झाडं, नदी ओलांडायला गाड्यांसकट माणसं नेणारी फेरीबोट. खानावळ चालवणाऱ्या एका हापोन आजीबाईंना विचारलं, "टेकडीवरून समुद्र कुठल्या बाजूला दिसतो?"

त्या पोट धरून हसल्या. "समुद्र? मुली, इथून समुद्र बघायला पक्षी व्हावं लागेल!"

मी टेकडी चढले. खाली नदी, आणि तिच्यापुढे सपाट रान. वाकून बघितलं, टाचा उंचावून बघितलं. समुद्र नव्हताच. पुण्यात बसून, गाव न बघता, मी तो कल्पनेने लिहिला होता. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर चूक. मॅडम इथे कधी आल्याच नव्हत्या.

परत आल्यावर बाबांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी बाविसावं पान मला फोनवर वाचायला लावलं. मग म्हणाले, "तुला गप्प बसायला शिकवलं, ते माझं चुकलं. प्रबंधाची तुझी कच्ची वही आहे माझ्याकडे. कॉलेजच्या वेळच्या तारखांसकट. पाठवतो."

त्या वर्षी इथल्या मराठी मंडळींना दिवाळीत व्याख्यानासाठी पाहुणे हवे होते. मॅडम मुलाकडे सिंगापूरला आलेल्या होत्या. त्यांचं नाव मीच सुचवलं. निमंत्रणही मीच लिहिलं, अगदी गोड. हॉलमध्ये त्यांना गजरा मीच दिला.

व्याख्यान संपल्यावर मी उठले. "मॅडम, तुम्हाला समुद्र कुठल्या बाजूला दिसला?"

"पश्चिमेला. सूर्यास्त होत होता. तो क्षण मी विसरणार नाही."

मी पडद्यावर टेकडीवरचे माझे फोटो लावले, चारही दिशांचे. मग नकाशा. मग वहीचं पान. "समुद्र तिथून दिसत नाही मॅडम. ती चूक माझी आहे. तुम्ही ती माझ्याकडून घेतलीत."

त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "संशोधनात असं होतं," एवढंच म्हणाल्या. कोणी टाळी वाजवली नाही. बाहेर जिन्यात इराने जपानीत विचारलं, "मामा, कात्ता?" आई, जिंकलीस का?

"हो," मी म्हटलं.

त्यानंतर दोन दिवाळ्या आम्हाला कोणी बोलावलं नाही. पाहुण्यांचा अपमान केला म्हणे. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. त्यातून समुद्र तेवढा काढलाय, बाकी सगळं जसंच्या तसं. माझं नाव अजूनही नाही. म्हणून हे लिहिते आहे. पुण्यात राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखं तोंड मिटून निघालेल्यांसाठीही.

मागच्या महिन्यात पुण्याला गेले होते. बाबा आता काठी घेऊन चालतात. गॅलरीत शेंगा सोलत त्यांनी विचारलं, "मग, केलंस का तिला माफ?"

"नाही."

"बरं केलंस," ते म्हणाले. जरा वेळाने, मान खाली घालूनच: "घरी कधी निघणार?"

हिगाशी-कसाईला ते घर म्हणाले, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मी तारीख सांगितली आणि पुढची शेंग हातात घेतली.