पाठमोरं चित्र

२०२४ साल, माझं वय शहात्तर. इंगोलश्टाटला मुलाकडे येऊन पाच वर्षं झाली होती. सकाळी दाढी करत होतो, तर सून काट्रिन दारात येऊन उभी राहिली. "अप्पा, माझे पप्पा वारले," म्हणाली. पायऱ्या चढताना बसले ते उठलेच नाहीत. खोटं कशाला लिहू... माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आता त्या चित्राचं खरंखोटं कळायचं राहिलं.

ते माझे व्याही. जर्मन माणूस. नाव इथे लिहीत नाही, त्याला कारण आहे, पुढे येईल. तरुणपणी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात बोअर मारायला होते. तिथल्या मूळच्या एका माणसाने दिलेलं चित्र त्यांच्या सोफ्याच्या वर, भिंतीला टांगलेलं असे. हातभर रुंद, दीड हात उंच, आणि सगळं ठिपक्यांचं. गेरूचा तांबडा, पिवळा, पांढरा. दर रविवारी आम्ही त्यांच्याकडे कॉफी-केकला जायचो. माझ्यासाठी बिनअंड्याचा केक ते गावाच्या दुसऱ्या टोकाहून आणत. मी तरी तीनदा विचारून घेई. माझं इंग्रजी गॅरेजमधलं, अडलं तिथे काट्रिन जोडून द्यायची. ते दाखवायचे, ही वर्तुळं म्हणजे पाण्याची जागा, हे अर्धगोल म्हणजे बसलेल्या बायका, वाळूत बसून उठलं की खूण राहते ना, तशी. "मग पुढं? बायका कुठं निघाल्या?" मी विचारायचो. "ते मी सांगायचं नाही. त्याच्या घराण्याची गोष्ट आहे. मला दिली तेवढीच माझी." झालं! अर्धी गोष्ट सांगून उरलेली पोटात ठेवणाऱ्या माणसावर मी जन्मात विश्वास ठेवलेला नाही.

मी चौथी पास. पण कराडला चाळीस वर्षं ट्रक रंगवलेत. ट्रकच्या मागच्या फाळक्यावरचं एक फूल बघून कोणाच्या हातचं ते सांगायचो. एका रविवारी चष्मा लावून चित्राच्या जवळ गेलो आणि थांबलोच. सगळे ठिपके जाडसर, निवांत, जरासे उजवीकडे घसरलेले. खालच्या डाव्या कोपऱ्यातले मात्र बारीक, दाट, ताठ. मी तोंडावर बोललो, "व्याही, हे एका हातचं काम नाही. कोपरा दुसऱ्यानं भरलाय. एकतर तुम्हाला फसवलंय, नाहीतर तुम्ही आम्हाला फसवताय." माझा मुलगा नितीन ओरडला, "अप्पा!" काट्रिन म्हणाली, "यांना केकवर पण संशय येतो, पप्पा, चित्राचं काय!" सगळे हसले. व्याही हसले नाहीत. उठून जवळ गेले, बराच वेळ तो कोपरा बघत राहिले. "आल्झो..." म्हणाले, म्हणजे जर्मनमध्ये 'असं होय', आणि परत येऊन कॉफी ओतायला लागले.

दोनेक महिन्यांनी एका रविवारी गेलो तर चित्र भिंतीकडे तोंड करून टांगलेलं. आमच्याकडे नुसती मागची लाकडी चौकट. मी नितीनला कोपर मारलं, "बघ, सापडला चोर." आणि मोठ्यानं विचारलं, "काय व्याही, चित्राला लाज वाटली का?" ते कपात बघत म्हणाले, "आत्ता नको." मला तेवढं पुरे झालं. पुढे सात महिने हेच. ते केक वाढायचे, मी त्या पाठीकडे बघून मनात म्हणायचो, आज ना उद्या कबूल करशील.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी काट्रिन त्यांचं भाड्याचं घर रिकामं करत होती. खणात एक पत्र सापडलं, चित्र काढणाऱ्याच्या मुलीचं. मी बोललो त्याच्या दुसऱ्याच दिवशी व्याह्यांनी तिला लिहून विचारलं होतं, कोपऱ्यातला हात वेगळा आहे का. तिचं उत्तर होतं, हो. वडिलांचा हात थरथरू लागला होता, म्हणून त्यांनी मला शेजारी बसवून तेवढं भरून घेतलं. त्या गोष्टीवर माझाही हक्क आहे. आणि खाली लिहिलं होतं, वडील आता राहिले नाहीत. आम्ही कळवू तोवर त्यांचं चित्र झाकून ठेवा, नाव घेऊ नका, त्यांच्याविषयी बोलू नका.

काट्रिनकडून मी ते दोनदा वाचून घेतलं. मग तिच्या पाठीमागे नितीनकडून, ती बापाची बाजू घेऊन गोड करून सांगत असेल म्हणून. शब्द तेच निघाले. म्हणजे माझी नजर चुकली नव्हती. हात वेगळाच होता... "मग एवढं तरी म्हणायचं होतं त्यांनी, की तुझं खरं आहे!" मी चिडलो. काट्रिन म्हणाली, "कसं म्हणणार, अप्पा? ते म्हटलं की त्या माणसाचं सगळंच बोलावं लागलं असतं." मग पत्राची घडी घालत, "आणि तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही नुसते बोललात."

झाकलेलं उघडा असं कळवणारं दुसरं पत्र अजून आलेलं नाही. व्याह्यांच्या लोकांत नाव न घेण्याची रीत नाही, हे मला ठाऊक आहे. पण दुसऱ्याच्या माणसासाठी त्यांनी सात महिने तोंड मिटलं, माझे टोमणे गिळले. मलाही त्यांच्या नावापुरतं तेवढं जमेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी नितीन म्हणाला, चित्र गाडीतून आणू. मी ऐकलं नाही. किल्ली घेतली आणि बसने गेलो. घरात कोणी नव्हतं. सोफ्यावर चढून चित्र खिळ्यावरून उतरवलं. उलटून बघितलं असतं तर कोण विचारणार होतं? हात शिवशिवत होते. पाठ माझ्याकडेच ठेवून चादर गुंडाळायला लागलो, तर उजव्या हाताची बोटं पुढच्या अंगाला, खालच्या कोपऱ्यात टेकली. बारीक, दाट, ताठ ठिपके. लेकीचे. मी बोटं काढून घेतली, चादरीला गाठ मारली, आणि चित्र तसंच माझ्या खोलीत आणून भिंतीकडे तोंड करून टांगलं.