कार्डावर सत्त्याहत्तर

पारनेरच्या बाजाराजवळ एका शेठच्या वखारीत मी एकोणीस वर्षं कांदा निवडते आहे. कांदा हातात घ्यायचा, अंगठ्याने मान दाबायची. मान जाड, ओली लागली तर तो कांदा आजच विकायचा. साठवला तर शेजारचे चार घेऊन सडतो. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. शिकवलं असतं तरी मी चौथीतच शाळा सोडली.

मागच्या वर्षी एका संस्थेची मुलगी आली. म्हाताऱ्या माणसांना जास्त वर्षं कामावर टिकवायचं, अशी तिची योजना होती. आमच्याकडे म्हाताऱ्यांना कामावरून गुडघे काढतात, नाहीतर मरण. पण मुलगी गोड होती. तिने आम्हा बायकांना रांगेत उभं करून हात वर-खाली करायला लावले, व्यायाम म्हणून. शेजारची पुटपुटली, "सकाळधरनं गोण्या वडल्या, त्यो काय आराम व्हता का?"

मग मुलीने सगळ्यांची आधार कार्डं मागितली. माझं बघून तिचा चेहरा पडला.

"आजी, तुम्ही तर सत्त्याहत्तर वर्षांच्या! आमची योजना सत्तरपर्यंतच आहे."

"मंजी म्हातारं मानूस पायजे, पन लई म्हातारं नको?"

"नियम आहे, आजी."

खरं सांगायचं तर मी अडुसष्टची. पंच्याहत्तरीनंतर एसटी फुकट म्हटल्यावर आमच्या गावातली निम्मी माणसं एका वर्षात दहा वर्षांनी म्हातारी झाली. तेव्हा एक कार्डवाला सांगाल ते वय टाकून द्यायचा. मीही सांगितलं.

हे ऐकून शेठ घाबरला. "मावशी, तुम्हाला इथं काही झालं तर माझ्या अंगावर येईल. उद्यापासून घरीच राहा." शेठ स्वतः बहात्तरचा. त्याचं कार्ड कोणी मागितलं नाही.

चार दिवस घरी बसले. सून दर दोन तासांनी विचारायची, "आत्याबाई, बरं वाटतंय ना?" आजारी बाईला विचारतात तसं. आणखी आठवडा बसले असते तर खरंच आजारी पडले असते.

संस्थेच्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, जन्माचा जुना कागद असेल तर बघू. पाचव्या दिवशी आमच्या चर्चमध्ये गेले. पाळकसाहेबांनी कपाटातून बाप्तिस्म्याची जुनी वही काढली. आईबापाच्या नावाखाली माझी जन्मतारीख होती.

"बाई, कार्डावर खोटं सांगितलंत?"

"एसटीला सांगितलं, साहेब. देवाकडं बराबर लिवलेलं हाय."

त्यांनी चष्मा पुसला आणि दाखला लिहून दिला. मुलीला तो चालला. कार्डही दुरुस्त करून घ्या, म्हणाली. म्हणजे एसटीला आता अर्धं तिकीट. चालेल.

शेठ हसला. "मावशी, आठवड्यात नऊ वर्षांनी तरण्या झालात की!"

"तुमचं बी करून आनू का?"

मी माझ्या जागेवर बसले तोच मुलगी मोबाईल घेऊन समोर आली. संस्थेच्या अहवालात माझा फोटो टाकायचा होता. मी विचारलं, खाली काय लिहिणार?

"योजनेमुळे आजी पुन्हा कामावर."

"योजनेमुळंच आजी घरी बसली व्हती, ते बी लिव."

ती हसली. मी चेष्टा करते आहे असं तिला वाटलं. "आजी, इकडं बघा," म्हणाली. मी कांद्याकडे बघितलं.