कोटाच्या पाठीवरची फुली

आमच्या गोदामात त्याला सगळे सुतळी म्हणायचे. अंगाने तसाच बारीक होता आणि गळ्यात कायम सुतळीचं गुंडाळं अडकवलेलं असायचं. मी आयुष्यभर लिहिलं ते खोक्यांवर, ‘ही बाजू वर’, एवढंच. त्यामुळे हे कितपत जमेल सांगता येत नाही. पण त्याच्याबद्दल दुसरं कोणी लिहील असंही वाटत नाही.

दुकान फर्निचरचं होतं. वर रस्त्याला लागून शोरूम, तिथे मोठी काच, गालिचा, पिवळे दिवे. खाली तळघरात गोदाम. कारखान्यातून माल यायचा, त्यावर कुठे ओरखडा असला तर मी पॉलिशने बुजवायचो. सुतळी आणि बाकीचे विकलेला माल गोणपाटात गुंडाळून, बांधून गाडीत चढवायचे. या सगळ्यांवर मुकादम. त्यांचा कायदा एकच: “बांधून आलेलं आपण सोडायचं नाही. ज्याचा माल, तो गाठ सोडेल.” कारखान्याची गाठ कितीही वेडीवाकडी असली तरी तिला हात लावला की मुकादमांचा आवाज चढायचा. नव्या माणसाला ते दोरी धरायच्या आधी हे शिकवायचे.

दुपारी आम्ही उलट्या खोक्यांवर बसून डबे उघडायचो. सुतळीची आई लांब, थोरल्या मुलाकडे. हा भाड्याच्या एका खोलीत राहायचा आणि खानावळीचा डबा आणायचा, म्हणून आमच्या सगळ्यांच्या डब्यांत त्याचा हात असायचा. विटका टीशर्ट, गुडघ्यावर झिजलेली पँट, दोन्हींवर माझ्या पॉलिशचे डाग. जेवण झालं की हात पँटलाच पुसायचा आणि खिशात घालून भिंतीला टेकून उभा राहायचा. थट्टेत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मुकादमांची नक्कल तर तो मुकादमांसमोरच करायचा.

एकदा एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन थेट खाली आलं. कपाटाचं दार घासतं, म्हणे. सुतळीने त्यांना तिथल्या तिथे दुसरं कपाट उघडून दाखवलं, जमीन उतरती असली की असं होतं हे समजावलं आणि पायाखाली काय सरकवायचं तेही सांगितलं. गिऱ्हाईक हसत गेलं. मालक जिन्यात उभं राहून ऐकत होते.

“सोमवारपासून वर ये,” ते म्हणाले. “सूट लागेल.”

मालक गेल्यावर मुकादम म्हणाले, “घ्या. सुतळीचा टाय झाला.”

त्या दिवशी आम्ही फार हसलो. सोमवारी तो वर जायच्या आधी आम्हाला दाखवायला खाली आला. तयार सूट होता, राखाडी, बाहीला जरा लांब. केस पाणी लावून बसवलेले. तो जिना उतरला आणि मुकादम, जे खोक्यावर बसून चहा पीत होते, ते उभे राहिले. मुद्दाम नव्हे. त्या जिन्याने सूट खाली आला की उठायचं ही आमच्या पायांनाच सवय होती. आम्हीही उठलो.

“बसा ना मुकादम,” तो म्हणाला.

“बसतो की. तुम्ही निघा, पहिल्याच दिवशी उशीर नको.”

त्याला ‘तुम्ही’ म्हणाले. त्यांनाही ते नंतर लक्षात आलं असावं, कारण त्यांनी चहा तसाच ठेवला.

वर तिघे विक्रेते होते. त्यांतले थोरले टायला सोनेरी पिन लावायचे, म्हणून आम्ही खालून त्यांना पिनवाले म्हणायचो. “या नवरदेव,” त्यांनी सुतळीचं स्वागत केलं, “नवरी कुठे विसरलात?” बाकी दोघे त्याच्या पाठीकडे बघून हसले. तोही हसला. मागे एक लहान खोली होती, तिथे गोल टेबलावर ते तिघे जेवायचे. टेबलाला तीन खुर्च्या. अख्खं दुकान खुर्च्यांनी भरलेलं, पण त्या खोलीत चौथी खुर्ची कोणी नेली नाही.

म्हणून तो जेवायला खाली यायला लागला. मुकादम खोक्यावर धुतलेलं फडकं अंथरायचे. आमच्या शिव्या बंद झाल्या. त्याच्यापुढे कोणी डबा सरकवला तर तो कोट सांभाळत एका हाताने थोडंसं घ्यायचा. सगळे लवकर जेवायला लागले. मग तो यायचा थांबला.

पुढे एकदा पॉलिशचा डबा घेऊन वर जाताना तो मला जिन्याच्या मधल्या वळणावर दिसला. उभा राहून जेवत होता, डबा कठड्यावर.

“इथे काय रे?”

“इथे वारा चांगला येतो,” तो म्हणाला.

तिथे खिडकी नव्हती.

त्या दिवसांत त्याच्या हातांचं काय करायचं हे त्याला कळत नसे. पेन हातात, मोजपट्टी गळ्यात. कारण कोटाचे खिसे शिवलेले होते. सुटाचे खिसे दिसण्यापुरते असतात असा त्याचा समज. आणि पाठीमागे, कोटाला खाली जिथे काप असतो, तिथे पांढऱ्या दोऱ्याची एक मोठी फुली होती. रोज रात्री कोट खुंटीला लावताना ती त्याला दिसायची. खोक्याच्या तोंडावर आपण आडवी-तिडवी दोरी मारतो तशीच होती. बांधून आली होती, म्हणून त्याने सोडली नाही. आम्हालाही ती दिसायची. मला वाटे, वरच्या मजल्याची काही खूण असेल.

कितीतरी महिने असे गेले. मग एक वयस्कर बाई जेवणाचं लहान टेबल बघायला आल्या. लोकांचे कपडे शिवून देणाऱ्या होत्या. नवरा वारला होता आणि मोठं टेबल त्यांना घरात नकोसं झालं होतं. सुतळी टेबलाच्या पायाची उंची मोजायला वाकला.

“जरा तसाच थांब रे बाळा,” त्या म्हणाल्या. पिशवीतून छोटी कात्री काढली आणि टाका कापून दोरा ओढून काढला. “हं. आता बघ कसा मोकळा पडला. मघापासून डोळ्यांत खुपत होता माझ्या.”

“तो सोडायचा असतो?”

“तर. दुकानातून आणला की आधी तोच काढतात. नेताना घडी मोडू नये म्हणून घालतात ते. खिसेही शिवलेलेच दिसतायत.” त्यांनी दोऱ्याची गोळी करून पिशवीत टाकली. “घरी सांगणारं कोणी नाही का?”

“आहेत,” तो म्हणाला. “लांब असतात.”

त्याने मान वर केली तेव्हा पिनवाले आणि ते दोघे छताच्या दिव्यांकडे बघत होते. त्याला कळलं, की पहिल्या दिवसापासून वरच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

दुपारी तो खाली आला. आम्ही उठायच्या आत आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

“इथे फुली होती. तुम्हाला कोणाला दिसली नाही?”

“दिसली की,” मुकादम म्हणाले. “पण बांधून आलेलं…”

ते तिथेच अडले. बाकीचं त्यानेच पुरं केलं, हुबेहूब त्यांच्या आवाजात. “…आपण सोडायचं नाही. ज्याचा माल, तो गाठ सोडेल.”

मग तोच हसायला लागला आणि आम्हीही. मुकादमांना तर हसता हसता ठसका लागला. खिसे राहिले होते. पॉलिश खरवडायचं ब्लेड माझ्याकडे असायचं, त्याने मी एकेक खिसा उसवून दिला. त्याने दोन्ही हात आत घातले आणि नुसता उभा राहिला.

“आता बस की सुतळ्या,” मुकादम म्हणाले, “का बूट दाखवायला आलास?”

तो फडकं न अंथरताच खोक्यावर बसला आणि माझ्या डब्यात हात घातला.

वर गेल्यावर पँटच्या धुळीवरून मालकांनी त्याला गिऱ्हाइकांसमोर झापलं. दुसऱ्या दिवसापासून तो परत जिन्याच्या वळणावर. वर राहायचं तर तसंच राहावं लागणार होतं, आणि परत खाली ये म्हणायचं आम्हालाही सुचलं नाही.

पण दुसरा सूट घेतला तेव्हा तो फुलीसकट खाली आला. आमच्याकडे पाठ केली. “माल माझा आहे,” तो म्हणाला, “सोडा गाठ.” मी सोडली. त्या दिवशी तो आमच्यात जेवला, वर जाऊन बोलणी खाल्ली. मग प्रत्येक नव्या सुटाला हेच. कात्री वरही होती, हे सगळ्यांना माहीत होतं. तो विषय कोणी काढला नाही.

दोन सुटांमध्ये वर्षं जायची. मुकादम गेले. गोदाम शहराबाहेर हललं, तिथे नवी माणसं आली. वर पिनवाले निवृत्त झाले, मग ते दोघेही. मागची खोली त्याची झाली, तीन खुर्च्यांसकट. तो एकीवर बसून जेवायचा. लग्न एकदा ठरत आलं होतं, त्यावर तो पुढे बोलला नाही आणि मी विचारलं नाही.

आता आम्ही दोघेही घरी बसलेले. मागच्या महिन्यात तो पिशवी घेऊन माझ्याकडे आला. आत नवा सूट, राखाडीच.

“कुठे जायचंय?” मी विचारलं.

“कुठे नाही. जुने ढिले पडले.”

कोट अंगात घालून त्याने माझ्याकडे पाठ केली. फुली होती. मी ब्लेड काढलं, पण माझे हात आता थरथरतात.

“द्या बाबा, मी काढते,” सूनबाई म्हणाली.

“नको सूनबाई,” तो वळून न बघता म्हणाला. “त्यालाच काढू दे.”

ब्लेड घसरलं. नखाएवढं कापड फाटलं.

“लागलं का कापडाला?”

“लागलं थोडं.”

“असू दे. पाठीमागचं मला कुठे दिसतंय.”

मग मी खिसे उसवले. वेळ लागला. तो हात वर धरून उभा राहिला, मापाला उभं राहावं तसा, आणि झाल्यावर दोन्ही हात आत घातले. सूनबाईने ताटं वाढली आणि त्याच्यासाठी खुर्ची पुढे केली.

“खुर्च्या फार झाल्या,” तो म्हणाला आणि नव्या सुटासकट भिंतीला टेकून खाली बसला.