होडीला नमस्कार

मिरकरवाड्यात मासे विकणारी बकुळाकाकी संध्याकाळी कोलंबी सोलता सोलता मालिका बघायची. तिची पुतणी रुचिरा मात्र त्याच मालिकेच्या चारशे चाहत्यांच्या ग्रुपवर आठवडाभर हमरीतुमरीवर यायची : मुखवटाधारी योद्धा म्हणजे राजाचाच हरवलेला मुलगा!

"राजाचा कुठला गो? होडीत पाय टाकण्याआधी त्याने होडीला हात लावून कपाळाला नेला. दर्यावर जाणाऱ्याचं पोर ते," काकी म्हणाली.

रुचिरा हसली. रविवारच्या भागात मुखवटा उतरला आणि निघाला नावाड्याचाच मुलगा! रुचिराने सगळे भाग दोनदोनदा पाहिले होते. तो नमस्कार तिला दिसलाच नव्हता. तिने काकीकडे पाहिले.

काकीचा हात थांबला होता.

"आता त्याच्या आयशीला कोण सांगणार? ती बाय पहिल्या भागापासून लेकाची वाट बघत किनाऱ्यावर उभी हाय."