खेमराजचा रेडा

चिचटोल्यात अजूनही कोणाची गाडी एका चावीत सुरू झाली की जुनी माणसं म्हणतात, "रेडाच आहे बा!" नव्या पोरांना वाटतं, ताकदीवरून म्हणत असतील. पण हा रेडा चिखलणीचा नव्हता. तो खेमराज रामटेकेचा होता, त्याला चार चाकं होती आणि रंग होता शिळ्या चहाचा.

गाडीचं खरं नाव अरवली डिझेल. अरवली मोटर्स ही कंपनी आधी विहिरीवरची पाणी ओढायची इंजिनं बनवायची. मग कंपनीच्या म्हाताऱ्या मालकाच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यानं त्याच इंजिनाला चार चाकं लावली, वर पत्र्याचा डबा ठेवला आणि म्हणाला, घ्या मोटार. दिसायला अशी, की सोयरिकीला नेली तर पोरगी पाहायच्या आधीच नकार यावा. आवाज असा, की गाडी फाट्यावर वळली की घरात पार्वताबाई चहाचं आधण ठेवायची. पण बंद पडायची नाही. भंडाऱ्याच्या एका डॉक्टरनं ती सोळा वर्षं वापरली. आधी डॉक्टर गेला, गाडी तेराव्याच्या पाहुण्यांना आणायला धावत होती. ड्रायव्हर लोकांत बोलणंच होतं, अरवली विकता येते, मारता येत नाही.

बारा वर्षं दुसऱ्याचा ट्रक हाकून खेमराजनं तसलीच एक १९९९ साली नागपूरहून जुनी आणली. सौंदडचं टेशन, सडक अर्जुनी, नवेगाव बांध, अशी सवारी मारायचा. गाडीचं सगळं काम स्वतः करायचा. मेकॅनिककडे जाणं म्हणजे त्याला बायकोची तक्रार शेजारणीकडे करण्यासारखं वाटे.

पहिल्याच वर्षी पावसाळ्यात गुलाबचंद बिसेनची पोरगी रिंकी बाळंतपणाला अडली. गुलाबचंद वरच्या टोलीचा, म्हणजे वरच्या वस्तीतला, पोवारांतला मोठा कास्तकार. खेमराज खालच्या टोलीचा, बौद्ध. दोघं एका शाळेत शिकले, पण शाळा सुटली तशी वाटही सुटली. गुलाबचंद त्याला 'खेम्या' म्हणायचा, खेमराज त्याला 'गुलाबभाऊ'. त्या दिवशी नाल्याला छातीभर पाणी होतं. बाकी गाड्यावाले हात वर करून मोकळे झाले. खेमराजनं सायलेन्सरला रबराचा पाइप बांधून तो टपापर्यंत वर नेला, पंख्याचा पट्टा काढून ठेवला, आणि रेडा नाल्यात घातला. पाणी सीटवर आलं. इंजिन खोकललं, पण थांबलं नाही. रिंकीला मुलगा झाला.

आठ दिवसांनी मायलेकरं त्याच गाडीतून परत आली. उतरताना रिंकीची माय सुखवंता म्हणाली, "खेमराजभाऊ, पैसे त तू घेऊन नाही राहिला. गाडीले काही त लावू दे." हळदकुंकू खेमराज लावत नसे. त्यानं खिशातली तंबाखूची डबी काढली, चुन्याचं बोट पुढं केलं. "लावा हे." सुखवंतानं समोरच्या कप्प्याच्या झाकणावर आतून एक पांढरा ठिपका दिला.

तिथून ती रीतच पडली. रेड्यातून दवाखान्यात गेलेली बाई लेकरू घेऊन परतली की उतरायच्या आधी चुन्याचा ठिपका. वरची टोली, खालची टोली, गोंडांची टोली, सगळ्यांचे ठिपके एकाच झाकणावर. पार्वताबाई अधूनमधून मोजायची. कोणाचं पोट दिसायला लागलं की म्हणायची, "हिचा ठिपका इथं येते आता."

२००३ साली अरवलीची नवी गाडी आली. म्हातारा मालक गेला होता, पोरांच्या हाती कारभार आला होता. त्यांनी बाहेरदेशातला भिडू घेतला आणि 'स्टेला' काढली. गोल गोल, चकचकीत, बटनानं काच खाली. गोंदियात शोरूम उघडलं. पेपरात पान भरून जाहिरात.

गुलाबचंद एक दिवस खालच्या टोलीत आला. सगळ्यांच्या देखत खेमराजच्या ओट्यावर बसला, पार्वताबाईच्या हातचा चहा प्याला. त्याचा बाप या ओट्यासमोरून जाताना धोतर सावरत जायचा.

"खेम्या, गाडी घ्याची म्हणतो. कोनती घेऊ? तू म्हनशील ते."

खेमराजला पन्नास वर्षांत वरच्या टोलीनं 'तू म्हणशील ते' असं कधी म्हटलं नव्हतं. त्यानं स्टेला पाहिलीसुद्धा नव्हती. नुसतं कंपनीचं नाव ऐकलं आणि छाती फुगवून बोलून गेला, "स्टेला घ्या, गुलाबभाऊ. रेड्याचीच लेक आहे. बंद पडली त माझ्या दारात आनून बांधा."

"जबान?"

"जबान."

दोन वर्षं लेक बरी चालली. मग तिनं रंग दाखवला. ऊन तापलं की भर रस्त्यात बंद. दोन तास थांबलं की सुरू. टॅक्सीवाल्यांनी गाणंच केलं, 'स्टेला बाई स्टेला, उन्हात जीव गेला'. गुलाबचंद सोयऱ्याच्या वास्तूला निघाला आणि साकोलीजवळ कोट घालून गाडी ढकलत बसला. चौकात आला तेव्हा हसत होता, पण ते हसणं काही बरं नव्हतं.

"का गा खेम्या, तुया दारात बांधू का आता? वैरन आहे का?"

लोक हसले. मागून कोणीतरी बोललं, "खालच्या टोलीत इचारून गाडी घेते का कोनी!"

ते वाक्य खेमराजच्या कानात कुसळासारखं शिरलं. गुलाबचंद त्यावर काही बोलला नाही. हसलाही नाही, पण बोललाही नाही.

खेमराजनं स्टेला आपल्या अंगणात आणून उघडली. वरचा साज सगळा नवा होता, खाली इंजिन मात्र तेच, विहिरीवरचं. बिघाड पंपात होता. डिझेल इंजिनाचा पंप म्हणजे त्याचं काळीज. थेंब मोजून मोजून आत सोडतो. रेड्याचा पंप नुसता लोखंडाचा होता. स्टेलाच्या पंपावर पोरांनी बिजलीचा मेंदू बसवला होता, तो तापला की डोकं धरून बसायचा. शोरूमवाल्यानं सांगितलं, हा दोष सगळ्याच गाड्यांत निघतोय, पंप मागवलाय, येईल तेव्हा येईल.

२००६ चा मे महिना. खेमराजनं तीन दिवस दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून पाहिल्या. चौथ्या दिवशी सकाळी पान्हा घेतला, रेड्याचा पंप काढला आणि स्टेलाला बसवला. दोन नळ्या वाकवाव्या लागल्या, एक पट्टी घासावी लागली. स्टेला अशी चालली, की साकोलीपर्यंत भर उन्हात जाऊन आली.

पार्वताबाई दारातून पाहत होती. "हे का करून राहिले तुमी? आपल्या पोटाचं काढून लोकायच्या पोटात?"

"आठ दिवसाची गोष्ट आहे वं. नागपूरच्या भंगारात दुसरा भेटते."

"मंग सांगा त्यायले, रेड्याचा पंप लावला म्हनून."

"कायले?"

"काऊन नाही?"

गुलाबचंद गाडी न्यायला आला तेव्हा खेमराज म्हणाला, "कंपनीनं नवा पंप पाठवला, गुलाबभाऊ. फुकटात. मी म्हनलोच होतो, कंपनी चांगली आहे."

"होय गा," गुलाबचंद खुश झाला. चौकात जाऊन मोठ्यानं बोलला, "खेम्याची जबान म्हंजे जबान!" आणि मागच्या त्या बोलणाऱ्याकडे मुद्दाम पाहिलं. ते पाहणं खेमराजला रेड्याच्या पंपाहून भारी वाटलं.

भंगारात पंप मिळाला नाही. ज्यांच्या ज्यांच्या स्टेला अडल्या होत्या, त्या सगळ्यांच्या मेकॅनिकना हीच युक्ती सुचली असावी. जुन्या अरवलीचा पंप नागपुरात सोन्यासारखा पळवला जात होता. दिवाळीच्या सुमारास कंपनीच बंद झाली. गोंदियाच्या शोरूममध्ये साड्यांचं दुकान आलं.

रेडा फणसाखाली उभा राहिला. खेमराज दुसऱ्याच्या जीपवर रोजीनं ड्रायव्हर झाला. लोकांनी विचारलं तर म्हणायचा, "म्हातारा झाला आता रेडा, आराम करून राहिला." पण दर रविवारी त्याला धुवायचा, इंजिनात तेल सोडायचा, पट्टा धरून हातानं फिरवायचा, जसे लकवा झालेल्या माणसाचे हातपाय घरची माणसं हलवत राहतात. झाकणावर त्र्याहत्तर ठिपके होते. कितीदा पार्वताबाई म्हणाली, "मांगा आता तरी." त्याचं एकच, "दिलेला शब्द मांगून घेते का कोनी?"

"शब्द नाही जी, पंप मांगा पंप!"

तो हसायचा. मग तीही हसायची, आणि पदरानं रेड्याची काच पुसायची.

२००९ साली खुशबूला, त्यांच्या एकुलत्या एक पोरीला, दिवस गेले. पहिलं बाळंतपण, माहेरी आली. पार्वताबाईनं झाकण उघडून जागा पाहून ठेवली. रेडा चालत नसला म्हणून काय झालं, ठिपका तर लावता येतो. गुलाबचंद स्वतःहून सांगून गेला, "खुशबू मायी बी पोरगीच आहे. येळ आली की आवाज दे. रेड्याची लेक दारात उभी." खेमराजला वाटलं, बरं झालं. काळीज तर रेड्याचंच आहे. आपलीच गाडी नेणार पोरीला.

भाऊबीज झाली, मंडया सुरू झाल्या. आमच्या झाडीपट्टीत भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते. दंडारीचे खेळ, दुकानं, लेकी-जावयांची गर्दी. शेजारच्या गावाची मंडई होती त्या दिवशी सकाळी दहाला खुशबूला कळा सुरू झाल्या. गावात एक मोटार शिल्लक नव्हती, सगळ्या गाड्या मंडईला लागल्या होत्या. खेमराज ज्या जीपवर होता तीही मालकानं सकाळीच नेलेली. दवाखान्याची गाडी आधीच दुसरी बाई घेऊन गोंदियाला गेली होती. खेमराज पायात चप्पल न घालता वरच्या टोलीत धावला.

अंगणात स्टेला नव्हती. सुखवंता सूप घेऊन बसली होती.

"भाऊ, ते त कालच इकली. राजनांदगावचा मानूस घेऊन गेला. आमच्या पोरानं, टिकेशनं, नवी बुक केली, आज तेच आनाले गेले बापलेक नागपूरले. तुमच्या दारातूनच वाजवत येतो म्हने..." बोलता बोलता तिनं त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

ट्रॅक्टर मिळाला. ट्रॉलीत भाताचं तणीस टाकलं, त्यावर वाकळ. रस्ता चौदा किलोमीटरचा, मधलं गाव मंडईचं. झुल्याजवळ गर्दीत ट्रॅक्टर अडकला. खेमराज खाली उतरून माणसं बाजूला सारत होता, हात जोडत होता. ट्रॉलीतून खुशबू ओरडली, "बाबा, रेडा काढा ना जी!" लहानपणी शाळेला उशीर झाला की ती असंच म्हणायची.

दवाखान्यात पोचले तेव्हा उन्हं कलली होती. खुशबू वाचली. मुलगी होती, रडली नाही. नर्सबाईनं फडक्यात गुंडाळून पार्वताबाईच्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, "वजन चांगलं होतं हो मावशी."

वाटेतच बातमी कळलेला गुलाबचंद नव्या गाडीनं परतला, तो हॉर्न न वाजवता. खुशबूला घरी आणल्यावर तो खालच्या टोलीत आला आणि ओट्यासमोर उभा राहिला. पार्वताबाईनं त्याला बस म्हटलं नाही. तीन वर्षं पोटात धरलेलं तिनं एका वाक्यात टाकलं, "तुमी इकली ते गाडी नोहती भाऊ, आमच्या रेड्याचं काळीज होतं."

"का म्हनते हे, खेम्या?"

खेमराज उठून गेला आणि रेड्याचं बोनेट उघडलं. गुलाबचंदनं आत पाहिलं. पंपाची जागा रिकामी होती, तिथं एक चिंधी कोंबली होती, उंदीर शिरू नये म्हणून.

गुलाबचंदनं ती चिंधी बाहेर काढली. "एका शब्दानं सांगतलं असतं गा," तो म्हणाला. "मले एका शब्दानं..."

"शब्दच त वाचवून राहिलो होतो, गुलाबभाऊ."

पाचव्या दिवशी गुलाबचंद राजनांदगावहून आला. त्या माणसाशी काय बोलला, त्याला काय देऊन आला, हे त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही. पोत्यात गुंडाळलेला पंप त्यानं खांद्यावरून ओट्यावर ठेवला. पांढऱ्या सदऱ्याला डिझेलचा डाग पडला होता. मग आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली आणि पान्हे हातात देत खेमराजच्या बाजूला उकिडवा बसला. वाकवलेल्या नळ्या परत सरळ झाल्या. नळ्यांतली हवा काढली. खुशबू आत खाटेवर पडून होती, तिला दारातून सगळं दिसत होतं.

खेमराज सीटवर बसला. मनातून त्याला वाटत होतं, होऊ नये सुरू. तीन वर्षं उभी असलेली गाडी, गंजली असावी, आतून मेली असावी. मेली असती तर माणसानं म्हटलं असतं, पंप असता तरी काय उपयोग होता.

त्यानं चावी फिरवली.

रेडा एका चावीत सुरू झाला. तोच आवाज, फणसावरचे पक्षी उडाले. आत चुलीजवळ पार्वताबाईचा हात सवयीनं चहाच्या भांड्याकडे गेला आणि तिथंच थांबला. खेमराज दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून होता. शेजारी उभा गुलाबचंद तोंडावर दुपट्टा दाबून भिंतीकडे वळला.

खुशबू भिंत धरत बाहेर आली. पलीकडचं दार उघडून बापाच्या शेजारी बसली. समोरच्या कप्प्याचं झाकण उघडून तिनं ठिपके पाहिले, आणि बापापुढं तळहात धरला. खेमराजनं खिशात हात घातला, चुन्याची डबी हाताला लागली. त्यानं ती बाहेर काढली नाही. पोरीचा तळहात दोन्ही हातांनी मिटला, आणि मिटलेलाच धरून ठेवला.

मग चावी उलटी फिरवली.

त्यानंतर त्यानं रेड्याला चावी लावली नाही. भंगारवाले आले, नागपूरचे जुन्या गाड्यांचे शौकीन आले, सगळ्यांना तो एवढंच सांगे, "गाडी चालू आहे जी. इकाची नाही."